ज्याची त्याची केसर

जयसिंगपुरात मावसबहिणीच्या लग्नात उल्का हात धुऊन मंडपाबाहेर येत होती. तेवढ्यात चाळिशीतला एक गृहस्थ तिच्यापुढं येऊन थांबला. इस्त्रीचा सदरा, कपाळाला गंध, हातात विडा. चारचौघांत वेगळा काढता येणार नाही असा साधा माणूस.

"तुम्ही केसर ना?" त्यानं विचारलं.

उल्काला याची सवय झाली होती. 'गडकोट' हा खेळ बाजारात आल्यापासून लोक तिला कुठंही ओळखायचे. त्या खेळातली किल्लेदारीण केसर हिचा चेहरा, आवाज, पट्टा फिरवतानाची झेप, सगळं उल्काचं होतं.

"मी उल्का सरनोबत," ती हसून म्हणाली. "केसरला नुसतं अंग दिलंय मी."

तो हसला नाही. तिच्या डोळ्यांत बघत राहिला आणि मग एकदम नजर चुकवल्यासारखं करून म्हणाला, "माझ्याकडची केसर अशी वर बघून बोलत नाही."

आवाजात उद्धटपणा नव्हता. तक्रार होती. दुकानातून आणलेली वस्तू चित्राबरहुकूम निघाली नाही म्हणजे होते तशी. विडा तोंडात टाकून तो निघून गेला आणि उल्का ओले हात तसेच धरून मंडपाच्या दाराशी उभी राहिली.

माझ्याकडची केसर, म्हणजे काय?

उल्का कोल्हापूरची. वडील मंगळवार पेठेतल्या तालमीचे वस्ताद. त्यांच्यामागं तालीम तिनंच चालवली आणि तिथं मुलींना लाठी, दांडपट्टा शिकवू लागली. पुण्याच्या एका स्टुडिओला खऱ्या लढवय्या बाईच्या हालचाली हव्या होत्या; शोधत शोधत ते तिच्यापर्यंत आले. स्टुडिओची कथाप्रमुख समिधा फडके पहिल्याच भेटीत तिला म्हणाली होती, "आजवर खेळांतल्या बायकांना चिलखत दिलं तेही पोट उघडं टाकून. जिथं भाला लागायचा नेमकं तिथंच कापड नाही. मला तसली बाई नको."

उल्काला समिधा आवडून गेली होती. दोघींनी मिळून केसर घडवली. कासोटा घातलेलं नऊवारी, छातीला जाड कातडी कवच, दंडाला पीळ, हनुवटीवर जखमेचा व्रण. उल्कानं अंगभर ठिपके लावलेला काळा पोशाख चढवून कित्येक महिने कॅमेऱ्यांच्या गराड्यात पट्टा फिरवला. ती पडली, उठली, लंगडली, ओरडली. खेळ आला तेव्हा सगळीकडं केसरचं कौतुक झालं. खेळातल्या बाईला अखेर पाठीचा कणा मिळाला, असं लोक म्हणाले. कॉलेजांमधून उल्काला भाषणाची निमंत्रणं आली.

लग्नाहून परतताना तिनं एसटीतूनच फिरोजला फोन लावला. फिरोज मुलाणी हा स्टुडिओतला इंजिनिअर. मूळ साताऱ्याचा, वयानं तिच्याहून लहान. केसरला जिवंत करणारं यंत्र त्याच्याच हातचं.

"फिरोज, एक माणूस म्हणाला, त्याच्याकडची केसर वर बघत नाही. काय भानगड आहे ही?"

पलीकडं त्यानं खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "उल्काताई, त्याला आम्ही 'रुची' म्हणतो. तुम्हाला कुणी नीट सांगितलं नाही वाटतं."

"तू सांग की मग."

त्यानं सांगितलं ते असं. 'गडकोट' चष्मा लावून खेळायचा असतो. चष्म्याच्या कडेला एक बारीक कॅमेरा असतो. तो बाहेर बघत नाही, खेळणाऱ्याच्या डोळ्यात बघतो. डोळ्यातली बाहुली उजेडात आकसते, अंधारात रुंदावते, हे शाळेत शिकवतात. पण उजेड तसूभर बदलला नाही तरी ती हलते. मनात काही उसळलं की मेंदूच्या बुडाशी असलेला एक इवलासा निळसर ठिपका जागा होतो आणि बाहुली केसभर मोठी होते. माणसाला पत्ता लागत नाही आणि लागला तरी आवरता येत नाही. जीभ खोटं बोलेल, चेहरा खोटं बोलेल, बाहुली बोलत नाही.

"यंत्र काय करतं," फिरोज म्हणाला, "केसरला दर वेळी किंचित वेगळी करून दाखवतं. मान जराशी झुकलेली, आवाज जरासा मऊ. समोरची बाहुली रुंदावली तर तो बदल ठेवायचा, नाही तर टाकून द्यायचा. एका खेपेला केसाएवढा फरक. खेळणाऱ्यालाही कळत नाही. पण महिनोन् महिने चाललं की ज्याची त्याची केसर वेगळी होऊन बसते."

"आणि कपडे?"

"ताई, तुम्ही आता कुठं आहात?" त्यानं विचारलं.

"फिरोज, कपडे?"

"कपडे, अंग, बोलणं, स्वभाव. सगळंच, ताई."

"दाखव मला. त्या माणसाची राहू दे, कुणाचीही दाखव."

"नाही येत दाखवता. कायद्यानं ते खेळणाऱ्याचं खाजगी आहे. आम्हालासुद्धा दिसत नाही. कोण किती वेळ खेळलं, एवढंच आमच्याकडं कळतं."

उल्कानं फोन ठेवला. शेजारच्या सीटवरचा तरुण मान खाली घालून झोपला होता. त्याच्या खिशातून चष्म्याची काळी काडी डोकावत होती. ती उठून पुढच्या सीटवर जाऊन बसली.

त्या दिवसापासून तिची नजर बदलली. बँकेतला कारकून कागद पुढं करताना हसला की तिला वाटे, याच्या केसरनं काय घातलं असेल? दातांच्या डॉक्टरनं "तोंड उघडा" म्हटलं आणि ती शहारली. चुलतभावानं पाठीवर थाप मारली तर तिनं त्याचा हात झटकला. तो बिचारा बघतच राहिला. माणसं तीच होती, तशीच बोलत होती. पण प्रत्येकाच्या डोळ्यामागं एक बंद खोली होती आणि त्या खोलीत उल्काचंच अंग घालून कुणीतरी बसलेलं होतं.

शेजारच्या देसाईकाकू मात्र आपण होऊन सांगत आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, एकट्या राहणाऱ्या. "अगं, माझी केसर कसली जाड झालीय! बुरुजावर पाय पसरून बसते आणि गुडघ्यांचं गाऱ्हाणं सांगते. लढाई बाजूलाच राहिली. आम्ही दोघी शत्रूला नावं ठेवतो." उल्का पोट धरून हसली. पण काकू गेल्यावर तिच्या मनात आलं, यांनी सांगितलं, कारण सांगण्यासारखं होतं. जे सांगत नाहीत त्यांचं काय?

आणि न सांगणारा एकजण तिच्या घरातच होता.

सारंग, तिचा नवरा, दूध संघाच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होता. दुधात काय मिसळलंय ते थेंबावरून ओळखणं हे त्याचं काम. मितभाषी, नेमस्त माणूस. खेळ आला तेव्हा दोघांनी पहिल्या दिवशी दोन चष्मे जोडून एकत्र पाहिला होता. केसर पहिल्यांदा वेशीवर आली तेव्हा त्यानं उल्काचा हात घट्ट धरला होता. उल्कानं नंतर चष्म्याला हात लावला नाही. स्वतःलाच लढताना काय बघायचं? सारंग मात्र कामावरून आला की खेळायला बसे. आधी तिला त्याचं अप्रूप वाटलं होतं. आता ती आठवू लागली. हल्ली आपण खोलीत गेलो की हा चष्मा काढून ठेवतो. तालमीकडं फिरकायचा बंद झालाय. परवा अंगणात आपण पट्टा परजला तेव्हा हा तोंड फिरवून आत गेला.

एका संध्याकाळी भाजी निवडताना तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुझी केसर कशी आहे रे?"

"कशी म्हणजे? तुझ्यासारखीच की."

"बघू तरी."

"काय बघायचंय त्यात?" तो उठला. "दूध उतू जाईल बघ."

गॅसवर दूध नव्हतंच.

त्या क्षणापासून उल्काच्या मनात एकच चित्र घर करून बसलं. ते कसं असेल याचे नाना तर्क ती करू लागली. उघडी पाठ, पातळ वस्त्र, लाडिक हसू. नवऱ्याला असली हौस असेल तर असो, असंही एकदा तिनं मनाला समजावलं. माणूसच आहे. पण मग लपवतो का? आणि माझं अंग समोर असताना त्याला त्याच अंगाची दुसरी बाई कशाला लागते?

रविवारी दुपारी सारंग आतल्या खोलीत खेळायला बसला. उल्कानं कपाटातून दुसरा चष्मा काढला. पहिल्या दिवशी जोडताना त्यानं 'सोबत बघू द्या' अशी परवानगी दिली होती. ती त्यानं मागं घेतली नसेल तर तिला त्याचा खेळ दिसणार होता. आपण चोरी करतोय हे तिला ठाऊक होतं. तिनं चष्मा चढवला.

परवानगी तशीच होती.

समोर गडाचा चौक. उन्हं तिरपी. केसर तिथं होती. नऊवारी तेच होतं. कवच तेच, गळ्यापर्यंत घट्ट बांधलेलं. अंगाचा आकार तसूभर बदललेला नव्हता. उल्काच्या छातीवरचं ओझं उतरलं. उगाच संशय घेतला, असं तिला वाटलं.

मग केसर वळली.

ओठ फाटलेला होता. एक डोळा सुजून बंद. डावा हात खांद्यापासून लोंबत होता. ती पायऱ्यांवरून फरफटत येत होती. मागून शत्रूकडचा एक हबशी शिपाई चालत आला. त्याला घाई नव्हती. त्यानं दांडका उचलला आणि तिच्या पाठीत घातला. ती कोसळली. परत घातला. सारंगचा योद्धा दहा हातांवर तलवार घेऊन धावत होता, पण चौक जणू लांबतच चालला होता. केसरनं मान उचलली आणि उल्काच्याच आवाजात, पण उल्कानं आयुष्यात कधी काढला नव्हता अशा केविलवाण्या सुरात म्हणाली, "सोडून जाऊ नका... जाऊ नका..."

उल्कानं तो आवाज ओळखला. ती आज्ञा होती. स्टुडिओत तिनं पळणाऱ्या शिपायांना दरडावून म्हटलेलं वाक्य, "गड सोडून जाऊ नका!" यंत्रानं त्यातला गड काढून टाकला होता, धार काढून टाकली होती आणि भीक तेवढी ठेवली होती.

भिंतीपलीकडून सारंगचा श्वास ऐकू येत होता. जलद, जड.

तिनं चष्मा काढला आणि आतल्या खोलीचं दार ढकललं.

"काढ ते."

सारंग दचकला. तिच्या हातातला दुसरा चष्मा बघून त्याचा चेहरा उतरला.

"बघितलंस?"

"मला मारलेलं बघायला आवडतं तुला?"

"उल्का, नाही! मी तिला वाचवायला जातो. रोज तेवढ्यासाठीच जातो."

"बाहुलीला जे आवडतं तेच यंत्र दाखवतं. तुझ्या डोळ्यांनी मागितलंय हे."

"मी नाही मागितलं. पहिल्यांदा तिला हातावर वार लागला तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. दुसऱ्या दिवशी जास्त लागलं. मग रोजच. मला वाटलं, खेळच असा आहे. सगळ्यांकडं असाच असेल."

"मग बंद का नाही केलंस?"

त्यानं हातातला चष्मा उलटा करून मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "बंद केलं तर ती तिथं तशीच पडून राहील असं वाटायचं."

"ती नाहीये, सारंग. चित्र आहे."

"तुझा चेहरा आहे तिला."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तुझे हाल बघत बसतो म्हणून सांगू?"

उल्काला यातला शब्द न् शब्द खरा वाटला आणि एकही खरा वाटला नाही. ज्याला असलं काही आवडत असेल, तोही हेच बोलेल की. तिनं पिशवीत चार कपडे भरले आणि तालमीवरच्या माडीवर राहायला गेली. सारंग दारापर्यंत आला. पुढं आला नाही.

दोन दिवसांनी ती पुण्याला स्टुडिओत गेली. फिरोजनं तिला आपल्या खोलीत नेलं आणि दार लोटून घेतलं. तिनं पाहिलेलं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यानं आपला नंबरचा चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळे चोळले.

"ताई, बाहुली रुंदावते ती नुसती आवडीनं नाही," तो म्हणाला. "भीतीनंही रुंदावते. किळस आली तरी, काळजीनं जीव अर्धा झाला तरी. अवघड गणित सोडवतानाही रुंदावते. निळा ठिपका जागा झाला, एवढंच बाहुली सांगते. तो कशानं जागा झाला, हे नाही सांगत."

"म्हणजे?"

"केसरला पहिल्या लढाईत एक वार बसतो. सगळ्यांकडंच बसतो. ज्यांच्या बाहुल्या तेव्हा रुंदावल्या, त्यांना यंत्रानं दुसऱ्या दिवशी थोडा मोठा वार दाखवला. बाहुली अजून रुंदावली. मग अजून मोठा. कुणाला मजा वाटत असेल. कुणाचा जीव तुटत असेल. यंत्राच्या लेखी दोघं सारखेच."

"मग सारंग यातला कुठला?"

फिरोज खाली बघू लागला. "बाहुलीवरून नाही सांगता येत. खरंच नाही येत."

उल्का खिडकीकडं गेली. खाली रस्त्यावर माणसं चहा पीत उभी होती. "तुला हे कधीपासून माहीत आहे?"

"शंका होती. वर सांगितलं होतं."

वर म्हणजे समिधा. उल्का तडक तिच्या खोलीत गेली. समिधानं उठून तिचे हात हातात घेतले, पाणी मागवलं, सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "आपण केसर घडवली ती तशीच आहे, उल्का. आपण तिला कुणापुढं वाकवलं नाही. लोक आपापल्या डोळ्यांनी काय करतात त्याला मी काय करू?"

"लोक करत नाहीत. तुमचं यंत्र करतं. जो तिचे हाल बघवत नाहीत म्हणून तडफडतो, त्यालाच तुम्ही जास्त हाल दाखवता."

"ते लोक खेळ सोडतही नाहीत," समिधा बोलून गेली.

बोलली आणि थांबली. उल्काला उमगलं, हिला ठाऊक आहे. आवडीनं बघणारा कंटाळतो, दुसऱ्या खेळाकडं वळतो. पण जो वाचवायला येतो तो रोज येतो. त्याच्यासारखं चिकट गिऱ्हाईक दुसरं नाही.

"उघडं पोट तरी बरं होतं गं," उल्का म्हणाली. "ते निदान सगळ्यांना दिसत होतं."

वकिलाकडं जाऊन काही निघालं नाही. ही तुमची प्रतिमा नाही, बघणाऱ्याची आवड आहे; आणि आवडीवर दावा लावायला कायद्यात कलम नाही, असं तो म्हणाला. ती माडीवर परत आली. मुलींना शिकवताना तिचा हात आखडू लागला. एखादी मुलगी पडली की ती आधी आजूबाजूला बघायची, कोण कसं बघतंय ते.

स्टुडिओतून निरोप आला, 'गडकोट'च्या दुसऱ्या भागाचं काम सुरू करायचं होतं. उल्का नकार कळवणारच होती. पण तिला फिरोजचं एक वाक्य आठवलं. काळ्या पोशाखात ती नवीन असताना तो म्हणाला होता, "यंत्र हालचाल नव्यानं बनवत नाही, ताई. तुम्ही दिलेलीच ताणतं, वाकवतं." पायऱ्यांवरून फरफटणं हेही तिचंच होतं, एकदा घोटा मुरगळला म्हणून ती दोन पावलं लंगडली होती, ते यंत्रानं ताणून ताणून तिथवर नेलं होतं. म्हणजे जे आपण दिलंच नाही, ते यंत्राकडं नाही. आणि जे आता देऊ, ते त्याला वापरावं लागेल.

ती पुण्याला गेली.

समिधानं पहिल्याच दिवशी पडण्याची दृश्यं लावली होती. उल्का पडली. सांगितलं तशी पडली. शेवटच्या खेपेला पडून राहिली, आणि समिधा "कट" म्हणायच्या आधीच एका हातावर भार देऊन उठली. गुडघ्यांवरची धूळ झटकली. समोरच्या कॅमेऱ्याकडं मान वर करून पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, विनवणीही नव्हती. मग पाठ फिरवून ती सावकाश, ताठ चालत हॉलच्या दारातून बाहेर गेली.

"हे काय होतं?" समिधानं बाहेर येऊन विचारलं.

"तहान लागली होती."

"परत घेऊ या."

"घ्या की."

परत घेतलं ते समिधाला हवं तसं घेतलं. पण टाकाऊ तुकडेही यंत्राच्या कोठारात जमा होतात. ते चाळणं फिरोजचं काम. संध्याकाळी तो पडद्यापुढं बसला होता आणि पडद्यावर ठिपक्यांची बनलेली एक बाई पुन्हा पुन्हा उठून चालायला लागत होती. उल्का दारात उभी राहिली. त्यानं वळून पाहिलं. तुकडा पुसायचं बटण त्याच्या बोटाखालीच होतं.

"पाण्याची बाटली विसरलात, ताई," तो म्हणाला. बटणावरचं बोट काढून त्यानं बाटली उचलून तिच्या हातात दिली.

पुढं जे झालं ते यंत्राच्या नियमानंच झालं. दुसरा भाग आला आणि घरोघरी केसर वार खाल्ल्यावर कधीतरी, क्षणभर, उठून एक पाऊल मागं गेली. ज्यांचे डोळे तिच्या जखमांवर खिळलेले होते त्यांना हे अनपेक्षित होतं. बाहुल्या रुंदावल्या. यंत्रानं पसंती समजून दुसऱ्या दिवशी दोन पावलं दिली. मग चौकापर्यंत, मग वेशीपर्यंत. ज्यांना तिचे हाल हवे होते ते चिडले, ज्यांना ते सोसत नव्हते त्यांच्या काळजात धस्स झालं, आणि यंत्राला दोन्हींतला फरक आधीही कळत नव्हता, आताही कळला नाही. काही आठवड्यांत घरोघरच्या केसर एकामागून एक गडाबाहेर पडल्या. हाका मारल्या तरी थांबल्या नाहीत. गड ओस पडले. तक्रारींचा पूर आला. स्टुडिओनं आधी दोष दुरुस्त करतो म्हटलं, मग खेळच मागं घेतला. समिधानं उल्काला फोन केला नाही. फिरोज नोकरी सोडून साताऱ्याला गेला, असं उडत उडत कानावर आलं.

देसाईकाकूंची केसर तेवढी बुरुजावरून हलली नव्हती. खेळ बंद झाला त्या दिवशी काकू खरोखर रडल्या.

आणि एका सकाळी, मुली सराव करून गेल्यावर, सारंग तालमीच्या दारात येऊन उभा राहिला. वाळला होता. दाढी वाढलेली. उल्का लाल मातीत काठ्या गोळा करत होती.

"ती गेली," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"खेळ बंद व्हायच्या आधीच गेली. मी हाक मारली. वळली नाही."

"काय वाटलं तुला?"

ती रोखून बघत होती. एवढे दिवस हाच एक प्रश्न तिच्या मनात घुमत होता. 'सुटल्यासारखं वाटलं,' असं हा म्हणेल, आणि आपल्याला ते खोटं वाटेल, हेही तिनं गृहीत धरलं होतं.

सारंगनं चप्पल काढली, मातीत दोन पावलं आत आला. "आधी हायसं वाटलं. मग रिकामं रिकामं वाटलं."

"कशाचं रिकामं?"

"नाही सांगता येत." त्यानं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. "पहिल्यांदा भीतीच वाटायची, उल्का. तुझी शपथ, नुसती भीती. पण रोज रोज बघून पुढं काय वाटायला लागलं, ते मला खरंच माहीत नाही. दुधात काय मिसळलंय ते सांगता येतं मला. हे नाही येत."

हे उत्तर तिनं धरलं नव्हतं. यात सुटका नव्हती आणि कबुलीही नव्हती. याच्याहून वाईट उत्तर नसेल, असं तिला वाटलं. आणि त्याच वेळी, इतक्या दिवसांत ऐकलेलं हे पहिलंच जुळवून न आणलेलं वाक्य आहे, असंही वाटलं.

तिनं हातातल्या काठ्यांपैकी एक त्याच्याकडं फेकली. त्याला ती धड झेलता आली नाही. वाकून उचलली.

"उभा राहा," ती म्हणाली.

"मला येत नाही."

"माहीत आहे. उभा राहा."

तो उभा राहिला. काठी कशी धरायची तेही त्याला ठाऊक नव्हतं; घुसळखांबाची रवी धरावी तशी त्यानं ती दोन्ही हातांत धरली. उल्कानं पाय रोवले. पहिला वार तिनं त्याच्या काठीवर मारला, हलकाच. दुसरा जरा जोरात. तिसऱ्याला त्याची काठी निसटली आणि उल्काची काठी त्याच्या खांद्यावर फाटकन बसली.

त्याच्या तोंडून 'आई गं' निघालं. पण तो हलला नाही, तक्रार केली नाही. काठी उचलून पुन्हा तशीच वेडीवाकडी धरून तिच्यासमोर उभा राहिला.

उल्का थांबली. छाती धपापत होती, कानशिलं तापली होती. तो वार नेम चुकून बसला नव्हता, हे तिला कळत होतं. तो बसला तेव्हा आपल्या आत काहीतरी उसळलं, हेही कळत होतं. पण ते काय होतं, राग, सूड, माया की मजा, हे तिला कितीही शोधलं तरी सापडेना.

"अंगठा वर घे," ती शेवटी म्हणाली आणि त्याची पकड नीट करायला पुढं झाली.